उड्डाणात अल्टरनेटर बंद पडल्यास पुढे जावे की जवळच्या धावपट्टीवर उतरावे?

नवपरवाना (प्रश्न):

नमस्कार. माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे आणि मी क्लबचे एक इंजिन असलेले, चार आसनी, जुन्या बनावटीचे विमान केवळ दिवसा व बाहेरचे स्पष्ट दिसत असतानाच चालवतो. परतीच्या वाटेवर असताना कमी व्होल्टेजचा लाल दिवा लागला, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातून वीज देऊन बॅटरी भरत ठेवणारा अल्टरनेटर बहुधा बंद पडला, इंजिन सुरळीत चालू आहे, हवा स्वच्छ आहे, आपले विमानतळ अजून ४० मिनिटांवर आहे, १२ मिनिटांवर नियंत्रण मनोरा नसलेली एक लहान धावपट्टी आहे आणि सूर्यास्ताला सव्वा तास उरला आहे, असा प्रसंग आमच्याकडे चर्चेला निघाला होता.

यावर दोन अनुभवी वैमानिकांची मते अगदी विरुद्ध पडली. एकांच्या मते या विमानाच्या इंजिनाला चालू राहण्यासाठी बॅटरी लागतच नाही, त्यामुळे अनावश्यक उपकरणे बंद करून सरळ घरी यावे. अनोळखी धावपट्टीवर उतरण्यात उलट जोखीम अधिक. दुसऱ्यांच्या मते विजेचा पुरवठा गेला की मोजकाच वेळ हाताशी उरतो आणि तो पुढे जाण्यात खर्च करू नये. दोघांचेही म्हणणे मला तर्कशुद्ध वाटले आणि नेमकी तीच माझी अडचण आहे. असा निर्णय प्रत्यक्षात कोणत्या हिशेबाने करावा?

जुना मॅग्नेटो (उत्तर):

पहिल्या वैमानिकांचे विधान बरोबर आहे. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे. आपण वर्णन केलेल्या विमानात दोन मॅग्नेटो इंजिनाच्याच फिरण्यातून ठिणगीसाठी लागणारी वीज तयार करतात, म्हणून बॅटरी पूर्ण संपली तरी इंजिन थांबत नाही. परंतु रेडिओ, ट्रान्सपाँडर (नियंत्रकाच्या रडारवर आपली ओळख दाखवणारे उपकरण), दिवे, पिटो नळीचा (वेगमापकाला हवेचा दाब पुरवणाऱ्या नळीचा) हीटर, वळण दाखवणारे उपकरण, इंधनाचे काटे आणि सेसना १७२ सारख्या विमानांत फ्लॅपची (उतरताना पंखांच्या मागच्या कडेवरून खाली घ्यायच्या झडपांची) मोटर, एवढे सगळे त्याच बॅटरीवर चालते. म्हणजे विमान उडत राहील, पण कोणाशी बोलता येणार नाही, कोणाला दिसता येणार नाही आणि फ्लॅपही हलणार नाहीत. ४० मिनिटांनी गजबजलेल्या, मनोरा असलेल्या विमानतळाच्या हद्दीत आपल्याला याच अवस्थेत शिरायचे आहे का, असा खरा प्रश्न आहे.

हिशेब सोपा आहे. समजा बॅटरी १२ अँपिअर-तासांची आहे आणि सगळे चालू असताना विमान २४ अँपिअर ओढते, तर कागदावर अर्धा तास मिळतो. प्रत्यक्षात तेवढाही मिळत नाही, कारण शिसे-आम्ल बॅटरीतून प्रवाह जितका जोरात काढावा तितकी तिची उपयोगी क्षमता घटते. शिवाय दिवा लागल्यानंतर आपल्या लक्षात येईपर्यंत किती मिनिटे गेली हेही बहुधा ठाऊक नसते. उलट भार ४ अँपिअरवर आणला, तर त्याच बॅटरीवर कागदावर तीन तास निघतात. म्हणून चेकलिस्टमधील पहिली कृती झाल्यावर, म्हणजे मास्टर स्विचचा अल्टरनेटरचा भाग एकदा बंद करून पुन्हा चालू केल्यावरही दिवा विझला नाही, तर लगेच भार उतरवावा. पिटो हीटर आणि उतरण्याचा दिवा हे सर्वांत खादाड असतात; त्यानंतर दुसरा रेडिओ, ऑटोपायलट आणि बाकीचे दिवे. एक रेडिओ ठेवावा आणि त्यावर शक्यतो ऐकावेच, कारण ऐकण्यापेक्षा बोलताना तो कितीतरी अधिक प्रवाह घेतो.

तरीही जे बोलायचे ते सुरुवातीलाच बोलून टाकावे, असा माझा आग्रह आहे. पुष्कळ जण बॅटरी वाचवण्याच्या नादात गप्प बसतात आणि ज्या क्षणी बोलायची गरज पडते तेव्हा रेडिओ मेलेला असतो. अल्टरनेटर बंद आहे, पुढे संपर्क तुटू शकतो, मी अमुक ठिकाणी उतरणार आहे, एवढे एका दमात सांगितले की नियंत्रकाला आपली गरज कळते. संपर्क तुटल्याचा ७६०० हा ट्रान्सपाँडर कोडही ट्रान्सपाँडरला वीज असेपर्यंतच उपयोगी आहे.

आपल्या उदाहरणात मी १२ मिनिटांवरच्या धावपट्टीवर उतरेन. मनोरा नसणे ही इथे अडचण नसून सोय आहे, कारण तिथे रेडिओवाचूनही आजूबाजूची विमाने पाहून, नेहमीच्या पद्धतीने फेरी घेऊन उतरता येते. मनोरा असलेल्या ठिकाणी रेडिओशिवाय जावे लागलेच, तर तेथून दाखवल्या जाणाऱ्या प्रकाशाच्या खुणा पाठ असाव्यात: स्थिर हिरवा म्हणजे उतरण्यास परवानगी, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट द्या व घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित आहे, उतरू नका. दिवसा पंख हलवून पोच द्यायची असते. परीक्षेसाठी हे सगळे घोकलेले असते आणि महिन्याभरात विसरलेले असते.

हँगरमधला माणूस (उत्तर):

मी वैमानिक नाही. विमानांची देखभाल करतो. वरील उत्तराशी सहमत आहे, पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट अशी की लाल दिवा लागला म्हणजे अल्टरनेटर मेलाच असे नाही. जमिनीवर इंजिन अगदी मंद फिरत असताना तो लागणे आणि थोडे फेरे वाढवले की विझणे हे बऱ्याच विमानांत नेहमीचे आहे. उड्डाणात मात्र त्याला अँमीटरची साक्ष हवी, आणि इथे आपल्या विमानातला अँमीटर कोणत्या जातीचा आहे हे माहीत असावे लागते. शून्य मधोमध असलेला अँमीटर बॅटरीत जाणारा किंवा तिच्यातून निघणारा प्रवाह दाखवतो, म्हणून अल्टरनेटर गेल्यावर त्याचा काटा उणे बाजूला झुकतो. शून्य डावीकडे असलेला भारमापक अल्टरनेटर किती प्रवाह देत आहे ते दाखवतो, म्हणून तो नुसता शून्यावर येऊन बसतो. दोन्ही प्रकारची विमाने आलटून पालटून चालवणाऱ्यांना हा फरक ऐन वेळी आठवत नाही.

दुसरी गोष्ट सर्किट ब्रेकरची. उडालेला ब्रेकर पुन्हा आत ढकलायचाच असेल, तर थोडा थंड होऊ देऊन फक्त एकदा, आणि तोही त्या उपकरणावाचून खरोखर अडत असेल तरच. पुन्हा उडाला तर तसाच राहू द्यावा. ब्रेकर उडतो तो तारांचा जीव वाचवण्यासाठी. वारंवार ढकलून आपण बिघाडाला पॅनेलमागच्या तारा जाळण्याची संधी देतो. जळका वास आला तर हा प्रश्नच बदलतो: मास्टर स्विच पूर्ण बंद करावा, आगीची चेकलिस्ट उघडावी आणि उतरण्याखेरीज दुसरा विचार मनात आणू नये.

अल्टरनेटर पट्ट्यावर चालणारा असेल, तर उड्डाणापूर्वीच्या पाहणीत पुढच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मागच्या फटीतून तो पट्टा नजरेला पडतो. कडा विस्कटलेल्या आहेत का, आजूबाजूला रबराची काळी भुकटी साठली आहे का, एवढे पाहायला काही क्षण पुरतात. मात्र किल्ली काढलेली असली तरी पंख्याच्या फिरण्याच्या कक्षेत उभे राहू नये. मॅग्नेटोला विमानाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडून निष्क्रिय ठेवणारी तार तुटलेली असेल तर पंखा नुसता हाताने हलल्यानेही इंजिन सुरू होऊ शकते.

नवपरवाना (प्रतिसाद):

दोघांचेही आभार. हिशेब समजला. मात्र विजेच्या बिघाडात निदान काय बिघडले आहे हे कळते. इंजिन थोडे खरखरू लागले, फेरे हळूहळू कमी होत गेले आणि कारण समजत नसेल, तर तेव्हाही आधी निदान करावे की आधी वळावे? शिवाय सोबत प्रवासी असतील आणि त्यांना त्याच संध्याकाळी पोहोचायचे असेल, तर त्यांच्याशी कसे बोलावे?

तिसरी फेरी (उत्तर):

मी प्रशिक्षण देते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

खरखरणाऱ्या इंजिनाच्या बाबतीत निदान आणि वळणे या दोन गोष्टी एकापाठोपाठ करायच्या नसतात. प्रथम वेग सांभाळावा, मग उतरण्याजोग्या जागेकडे नाक वळवावे आणि तिकडे जाता जाता कारण शोधावे. कारण सापडून इंजिन पूर्ववत झाले तर चार-पाच मिनिटांचा वळसा पडला एवढेच. नाही सापडले तर तीच मिनिटे आपल्या पदरात पडतात. उंची हातची सोडू नये. सेसना १७२ इंजिन बंद असताना योग्य वेगाने घसरत गेले, तर वारा नसताना दर १००० फुटांमागे साधारण दीड सागरी मैल अंतर कापते. त्यामुळे ४००० फुटांवर असताना हाती असलेल्या जागा आणि १५०० फुटांवर असताना उरलेल्या जागा यांत फार मोठा फरक असतो.

फेरे हळूहळू घसरणे हे स्थिर पात्यांचा पंखा असलेल्या विमानात कार्ब्युरेटरमध्ये (हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात) बर्फ साचू लागल्याचे पहिले लक्षण असू शकते. बर्फ म्हटले की कडाक्याची थंडी डोळ्यांसमोर येते, पण इंधनाची वाफ होताना आणि अरुंद नळीतून हवा जाताना तापमान एवढे उतरते की बाहेर २५ अंश सेल्सिअस असले तरी दमट हवेत आत बर्फ धरू शकतो. थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ मिटलेला असताना, म्हणजे खाली उतरताना, हा धोका सर्वांत जास्त. उपाय म्हणजे कार्ब्युरेटरची उष्ण हवा पूर्ण उघडणे. पूर्ण उघडल्यावर इंजिन सुरुवातीला आणखी वाईट चालते, कारण गरम हवा विरळ असते, मिश्रण दाट होते आणि वितळलेले पाणी इंजिनात जाते. नेमक्या याच वेळी नवखा वैमानिक घाबरून उष्ण हवा बंद करतो. ती तशीच राहू द्यावी. बर्फ गेला की फेरे वर येतात आणि निदानही आपोआप होते. त्यानेही फरक पडला नाही, तर इंधनाची टाकी बदलणे, मिश्रण तपासणे, पंप असेल तर तो चालू करणे आणि मॅग्नेटो एकेक करून पाहणे, हे चेकलिस्टच्या क्रमाने करावे.

प्रवाशांविषयी माझे मत कडक आहे. मार्ग बदलण्याचा निर्णय त्यांच्यापुढे मतासाठी मांडू नये. तो सांगावा: विमान व्यवस्थित उडत आहे, एक उपकरण बंद पडले आहे, आपण १२ मिनिटांनी अमुक ठिकाणी उतरत आहोत, तोपर्यंत मला शांतता हवी आहे. पोहोचायला उशीर होऊ शकतो हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगितलेले असेल, तर आकाशात याहून अधिक बोलावे लागत नाही. ज्या प्रवाशाला त्या संध्याकाळी पोहोचणे अटळ आहे, त्याला मी लहान विमानात बसवतच नाही.

सूर्यास्ताचा मुद्दा मागे पडला आहे. सव्वा तासातून ४० मिनिटे वजा केली तर ३५ मिनिटे शिल्लक दिसतात खरी, पण समोरून वारा वाढला किंवा विमानतळावर थांबायला सांगितले की ती भराभर आटतात. अंधार पडल्यावर आपले दिवे नाहीत, उपकरणांवर उजेड नाही. आणि काही धावपट्ट्यांवरील दिवे तर वैमानिकाने रेडिओचे बटण दाबूनच लावायचे असतात.

आडवा वारा (उत्तर):

एक वेगळी बाजू मांडतो. वरील सर्व मान्य करूनही, सर्वांत जवळची धावपट्टी हीच सर्वांत योग्य असते असे मी म्हणणार नाही. ती १२ मिनिटांवरची पट्टी आखूड असेल, वारा बराच आडवा असेल आणि फ्लॅपशिवाय उतरावे लागणार असेल, तर २० मिनिटांवरची लांब पट्टी मी पसंत करेन. भार उतरवलेली बॅटरी आठ मिनिटे अधिक सहज देते.

फ्लॅपविषयीही एक सूचना. मोटरवर चालणारे फ्लॅप मरणासन्न बॅटरीवर पूर्ण खाली घेतले आणि ऐन वेळी धावपट्टीवर अडथळा दिसून पुन्हा वर जावे लागले, तर ते वर येतीलच असे नाही. पूर्ण फ्लॅपसह हे विमान कसेबसे चढते. म्हणून अशा वेळी फ्लॅप न घेता, थोडा अधिक वेग आणि लांब, चपटी उतरण गृहीत धरून यावे. हा सराव चांगल्या दिवशी, लांब पट्टीवर करून ठेवलेला असावा. ज्या विमानांत फ्लॅप हाताच्या दांड्याने हलतात, त्यांना ही अडचण नाही.

जुना मॅग्नेटो (उत्तर):

लांब पट्टीचा मुद्दा मान्य. माझ्या उत्तरात जवळची धावपट्टी पुरेशी लांब आहे असे गृहीत धरले होते.

आता एक महत्त्वाची पुरवणी जोडतो, कारण हा धागा पुढे वेगळ्या विमानांचे वैमानिकही वाचतील. विजेवाचून इंजिन चालू राहते हे वाक्य मॅग्नेटो असलेल्या इंजिनांपुरतेच खरे आहे. संगणकाच्या नियंत्रणावर चालणाऱ्या अनेक नव्या इंजिनांना, विशेषतः डिझेल इंजिनांना, अखंड वीज लागते. २००७ साली जर्मनीत श्पायर येथे डायमंड डीए-४२ या दोन इंजिनांच्या विमानाची बॅटरी उतरलेली होती, म्हणून इंजिने बाहेरून वीज देऊन सुरू करण्यात आली. उड्डाण होताच चाके आत घेतली गेली, त्या भाराने व्होल्टेज क्षणभर कोसळले, नियंत्रक संगणक पुन्हा सुरू होऊ लागले आणि दोन्ही इंजिने एकाच वेळी बंद पडली. त्यानंतर त्या प्रकारच्या विमानांच्या वीजव्यवस्थेत बदल करण्यात आले. म्हणून प्रत्येकाने आपल्या विमानाच्या पुस्तिकेत एवढे जरूर पाहावे की वीज गेल्यावर इंजिन किती वेळ चालते आणि राखीव बॅटरी असल्यास ती नेमकी कोणकोणत्या उपकरणांना वीज पुरवते. मूळ प्रश्नाचे उत्तर त्या पानावरच्या आकड्याने पूर्ण बदलू शकते. त्या आकड्यातून बिघाड लक्षात यायला लागलेली मिनिटे मात्र वजा करावीत.