डावा हात म्हणजे फक्त सवयीचा प्रश्न म्हणे!

हातघाई: "डावा हात मागे पडतो ती निव्वळ सवय, रोज थोडा सराव करा, फरक शून्य" अशी पोस्ट काल पडली आणि तिला ढीगभर लाइक! अहो, वुडवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1899 सालीच लोकांना पेन्सिलीने रेघा मारायला लावून मोजलंय. हळू मारल्या तर दोन हातांत फारसा फरक नाही, वेग वाढवला की उजव्या माणसाचा डावा हात जास्त चुकायला लागतो. पुढे 1979 मध्ये अ‍ॅनेट आदी संशोधक मंडळींनी भोकात खुंट्या बसवणाऱ्या हातांची फिल्म घेतली, तर डावा शेवटी भोकापाशी येऊन जास्त वेळा चुकतो, सावरतो, परत चुकतो, वेळ तिथे जातो. नुसती सवय असती तर सगळीकडेच थोडाथोडा हळू पडला असता ना?

सवयवादी: ती पोस्ट माझीच. 1899 चा पुरावा, वा! आयुष्यभर पेन्सिल उजव्यात धरल्यावर डावा चुकणारच की. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा माउस डाव्याने धरला, आता बघणाऱ्याला कळतही नाही.

डावखुरी_मी: तुमच्या गप्पांत डावा म्हणजे कायम लंगडाच! दहातला साधारण एक माणूस आमच्यासारखा, अभ्यास मात्र बहुतेक उजव्यांवर. मला शाळेत बोटांवर पट्टी मारून उजव्याने लिहायला लावलं, अजून माझं अक्षर मलाच लागत नाही, आणि कात्री हातात घेतली की वेगळीच बोंब.

सवयवादी: पण शिकलात ना ताई? हेच तर म्हणतोय! सचिन लिहितो डाव्याने, बॅटिंग उजव्याने. नदाल उलटा, लिहितो उजव्याने आणि टेनिस डाव्याने.

डावखुरी_मी: पट्टी खाऊन शिकले त्याला "हेच तर"? जरा लाज वाटू द्या.

टाचणी: बॅटिंगला दोन्ही हात लागतात, उदाहरण बाद.

सवयवादी: आणि बोलिंग? तीही उजव्यानेच करायचा.

टाचणी: बरं, बोलिंग दिली तुम्हाला. माउस नाही देणार. लक्ष्य लांब आणि बारीक झालं की वेळ वाढतो हे फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये दाखवलंय, मोठ्या बटणांवर कुणीही मिरवेल. एवढ्याशा चौकटींवर भराभर क्लिक करून दाखवा, मग बोलू.

हातघाई: सचिन सोडा हो, मुद्द्यावर या! हातांच्या हालचालींवर संशोधन करणाऱ्या सेनबर्गचं म्हणणं वाचा. दंड झोकला की कोपराखालचा हात आपोआप फेकला जातो, तो झटका आधीच हिशोबात धरणं प्रधान, म्हणजे आपण जास्त वापरतो त्या हाताला जमतं. दुसरा हात जागेवर घट्ट थांबण्यात, धक्का बसला तरी न हलण्यात तरबेज. खिळा ठोकताना कुठला हात काय करतो ते बघा. डावा ढ नाहीच, त्याचं काम वेगळं आहे.

डावखुरी_मी: हातोडा मी डाव्याने धरते.

हातघाई: मग खिळा उजव्याने धरत असाल. तेच सांगतोय!!

सवयवादी: ठीक आहे प्रोफेसर, पोस्टमध्ये "शून्य" खोडून "कमी" करतो, झोप लागेल ना आता? चौकटींचं मात्र आज नको, मनगट दुखतंय.

डावखुरी_मी: आणि त्या पट्टीवाल्या सरावाबद्दल अजून एक शब्द नाही.