मदत हवी आहे: एन्झाइम टणक झालं, पण काम बंद!

मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये पुरती अडकले आहे. विषय पीईटेझ: पाण्याच्या बाटल्यांचं पीईटी प्लास्टिक तोडणारं, इडिओनेला साकाइएन्सिस या जिवाणूतलं एन्झाइम. २०१६ साली जपानी संशोधकांनी ते जगापुढे आणलं. पण ते भलतंच नाजूक, पन्नास अंशांच्या आतच त्याची घडी उलगडते. पीईटी मऊ पडायला तर ६५-७० अंश लागतात. म्हणून बेकर लॅबचं (डेव्हिड बेकर यांची प्रोटीन-डिझाइन प्रयोगशाळा) प्रोटीनएमपीएनएन हे एआय सॉफ्टवेअर वापरून सिक्वेन्स, म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम, नव्याने करायचं ठरवलं.

सेरीन १६०, ॲस्पार्टेट २०६ आणि हिस्टिडीन २३७ हे प्रत्यक्ष तोडकाम करणाऱ्या अमिनो आम्लांचं त्रिकूट (आकडा म्हणजे साखळीतली जागा) गोठवलं, म्हणजे बदलू दिलं नाही; बाकी सगळं मोकळं सोडलं. सॉफ्टवेअरमधलं ‘टेम्परेचर’ (निवड किती मोकळी ठेवायची ते) ०.१. प्रोटीनची घडी वर्तवणाऱ्या अल्फाफोल्डचा पीएलडीडीटी (१०० पैकी खात्रीचा गुणांक) ९० च्या वर, म्हणून खुशीत जीन मागवला. ई. कोलाय जिवाणूमध्ये प्रोटीन भरपूर मिळालं, ६० अंशांवरही गढूळ होत नाही. पण पीएनपी-ब्युटिरेट (एन्झाइमने तोडलं की पिवळं होणारं चाचणीचं रसायन) घातलं तर पिवळा रंग येतच नाही! शेजारच्या क्युवेटमधलं मूळ एन्झाइम दोन मिनिटांत पिवळंधमक. तीनदा करून पाहिलं.

त्रिकूट शाबूत असताना हे कसं? आता एकाच जीनपुरते पैसे उरलेत, म्हणून आधी विचारते.

प्रतिसाद १:
त्रिकूट म्हणजे चुलीचे तीन दगड. जाळ लागायला आजूबाजूची मांडणीही लागते. प्रोटीनएमपीएनएनला फक्त सांगाडा दिसतो, सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्याला तोडतं तो रेणू, दिसत नाही. त्याचं एकच काम, या सांगाड्यावर घट्ट बसणारा सिक्वेन्स शोधणं. आणि पीएलडीडीटी घडीबद्दल बोलतो, कामाबद्दल नाही.

तुमच्या सिक्वेन्समध्ये २१४ आणि २१८ या जागांवर काय आलंय? पीईटेझमध्ये तिथे सेरीन आणि आयसोल्यूसीन असतात, म्हणून ट्रिप्टोफॅन १८५ ला हलायला जागा मिळते. भाऊबंद एन्झाइम्समध्ये तिथे हिस्टिडीन-फेनिलॲलनीन असून ते जखडलेलं असतं.

पुढच्या खेपेला सब्स्ट्रेट बसतो त्या खाचेभोवतीची सगळी अमिनो आम्लं गोठवा, वर एमएसए (भाऊबंद प्रोटीन्सचे सिक्वेन्स एकाखाली एक जुळवलेली मांडणी) काढून सर्वांत जपलेल्या जागाही. २०२४ साली बेकर लॅबनेच टीईव्ही प्रोटिएझ या प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमवर हाच मार्ग धरला होता. सिस्टीन २०३ आणि २३९ यांना जोडणारा गंधकाचा पूलही तपासा. घाई असेल तर त्याच सॉफ्टवेअरचं भावंड लिगँडएमपीएनएन घ्या, त्याला सब्स्ट्रेटचे अणू दिसतात. आणि एवढे बदल कशाला? २०२२ च्या फास्ट-पीईटेझ या सुधारित रूपामध्ये मूळ एन्झाइमपेक्षा जेमतेम ५ बदल आहेत.

धागाकर्ती:
आत्ताच फाइल उघडली. २१४ वर हिस्टिडीन! आणि २०३ चं सिस्टीन चक्क ॲलनीन झालंय. एमएसए किती सिक्वेन्सचा घेऊ?