दोघांतच ‘गाणं ओळखा’ खेळतो, पण सामना एकतर्फी होतो. काय करावं?

बेसूर_पण_हौशी:
लोकहो, मी आणि माझा मित्र दर रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर गाणं ओळखायचा खेळ खेळतो. एकाने गाण्याच्या सुरुवातीचं म्युझिक वाजवायचं, दुसऱ्याने ओळखायचं. पण हा पठ्ठ्या गिटारची एक तार छेडली गेली की अंतऱ्यासकट गाणं म्हणून मोकळा! माझी पाळी आली की मी ‘थांब थांब, अगदी ओठांवर आहे’ करत बसतो. गेल्या खेपेला १८-३ ने हरलो.

म्हणून परवा म्युझिक बंद केलं आणि टेबलावर बोटांनी ठेका वाजवून गाणं ओळखायचं ठरवलं. दोघांच्याही नावावर भोपळा. वर ‘एवढं सोपं गाणं येत नाही तुला?’ यावरून वाजलं ते वेगळंच. दोघांनाही सारखी मजा येईल असं काही सुचवा.

ठेकेदार:
ठेक्यावरून भांडू नका, चूक तुमची नाही. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने हाच खेळ प्रयोग म्हणून लावला होता. १२० गाणी टेबलावर टकटक करून वाजवली गेली, त्यातली ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्यांना मात्र वाटत होतं की निम्मी तरी ओळखतील. आपण वाजवतो तेव्हा आपल्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, समोरच्याच्या वाट्याला येते नुसती टकटक. ठेका ठेवायचाच असेल तर आधी पाच गाणी सांगा आणि त्यातलंच एक वाजवा.

मधली_सुट्टी:
+१. टकटकीवरून आमच्यात दोन दिवस अबोला होता.

पेटीवाला:
तुमच्या मित्राला चाल ओळखावीच लागत नाहीये. तो आवाजाचा पोत ओळखतोय: ती गिटार, ते रेकॉर्डिंग, तो घुमारा. १९९९ च्या एका अभ्यासात पाच गाजलेल्या गाण्यांचे जेमतेम ०.२ सेकंदाचे तुकडे ऐकवले होते, तरी लोकांनी ते नुसत्या अंदाजाने जमेल त्याहून कितीतरी जास्त ओळखले. एवढ्याशा तुकड्यात चाल कुठली असणार?

तेव्हा त्याच्याकडून पोत काढून घ्या. रेकॉर्ड वाजवूच नका, गुणगुणा किंवा शिट्टी मारा, आणि तेही मुखड्यावरून नाही, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीपासून. मुखडा तोंडपाठ असलेले भलेभले तिथे चाचपडतात.

रेकॉर्डच हवी असेल तर हर्डल नावाच्या गाणं ओळखायच्या ऑनलाइन खेळाची शिडी उचला. १, २, ४, ७, ११, १६ सेकंद असा तुकडा वाढत जायचा आणि सहा प्रयत्न मिळायचे. तो खेळ २०२३ मध्ये बंद झाला, पण घड्याळ लावून हाताने सहज जमतं. त्याला १ सेकंदापासून द्या, तुम्ही ७ पासून घ्या. लाज कसली, कॅरममध्येही नवख्याला सवलत देतोच की.

अवांतर: कॉलवर गाणं मध्येच गिळल्यासारखं येत असेल तर ॲपला ते गोंगाट वाटतंय. फोन स्पीकरसमोर धरू नका. स्क्रीन शेअर करताना आवाजही शेअर करा.

मधली_सुट्टी:
आणि जो गाणं निवडतो त्याला एक अट घाला: समोरच्याने हे गाणं ऐकलेलं आहे याची खात्री हवी. नाहीतर लोक कुठली कुठली अडगळीतली गाणी काढतात. कोणालाच न आलेल्या गाण्याचा गुण निवडणाऱ्याकडून वजा करायचा. खोड आपोआप मोडते.

बेसूर_पण_हौशी:
सगळ्यांचे आभार. काल अंतरा गुणगुणायचा प्रयोग केला. मी डोळे मिटून मन लावून गुणगुणलो. पलीकडे शांतता. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच! मनातल्या मनात गुण लिहूनही टाकला. तेवढ्यात तो म्हणाला, “पहिली ओळ एका गाण्याची आहे, दुसरी दुसऱ्याच.” दोन्ही गाण्यांची नावंही सांगितली. लावून बघितलं तर खरंच तसं होतं.

आता हा गुण एक धरायचा की दोन, यावर आमचं अजून जमलेलं नाही.