प्रवासाच्या मराठी व्हिडिओंचे प्रेक्षक कसे वाढवू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी इंदूरहून माळवा-निमाडातल्या भटकंतीचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकते. उज्जैनच्या महाकालचे व्हिडिओ लोक भरभरून बघतात, पण महेश्वर, मांडूचे अर्ध्यातच सोडतात. १००० सबस्क्रायबर झालेत. जाहिरातींच्या पैशांसाठी वर्षभरात ४००० तास बघितले जायला हवेत, ते काही होत नाहीत. शॉर्ट्स फीडमधले व्ह्यूज त्यात धरत नाहीत.

महेश्वरी साडी विणताना हातमागाची खटखट मी तशीच ऐकवते, वर संगीत नाही. ते मला बदलायचं नाही. मग पुण्या-मुंबईच्या प्रवाशाला सुरुवातीलाच काय दाखवू? मुक्काम, खर्च, गाडी? हिंदी सबटायटल्सचा फायदा होतो का? आणि हॉटेलवाले फुकट राहायला बोलावतात, तेव्हा खरं मत मांडायची अट तुम्ही त्यांना आधी कशी सांगता?