मदत हवी आहे : सातपूरची नोकरी सोडून येवल्यात पैठणी विणायला शिकायचंय

धाकटा भाऊ नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत सीएनसी मशीनवर (संगणकावर चालणारं कटाईचं यंत्र) आहे. पगार बरा, पण जीव हातमागात अडकलाय. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढलाय.

विणकरांनो, साधा काठ एकट्याने विणता यायला किती महिने लागतात? पदरावरच्या मोरात प्रत्येक रंगाची तिल्ली (धागा गुंडाळलेली छोटी कांडी) वेगळी. रेशीम आणि जरीचा ताण सारखा राहिला नाही की काठ आखडतो, विणलेलं उसवावं लागतं. हात बसेपर्यंत मजुरी मिळते का? रेशीम-जर मालकाची की स्वतःची? भरगच्च पदराला महिनोन्महिने लागतात आणि मजुरी साडीवर असते, मग मधे उचल देतात का?

राजीनाम्याआधी चार रविवार त्याने दिवसभर मागावर बसावं, असं मला वाटतं. पाठ आणि डोळे तिथेच खरं सांगतील. कोणी बसू देईल का?