दिवाळीचे फटाके आणि कुत्र्याची भीती

धरमपेठकर: लॅब्राडॉर, वय ४. लक्ष्मीपूजनाला पलंगाखाली थरथरतो, लाळ गळते. आत्तापासून काय करता येईल?

वऱ्हाडी: फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावा; कान टवकारेल, पण खाणं सोडणार नाही इतकंच. आवाज झाला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. खाऊ आधी दिला तर खाऊच धोक्याची खूण ठरतो. रोज ५ मिनिटं. जांभया, ओठ चाटणं दिसलं की आवाज कमी करा.

बर्डीवाला: त्या रात्री आतली खोली, पडदे बंद. कूलर पंप न लावता नुसता चालवा, घरघरीत धमाके दबतात. पलंगाखालून ओढू नका, चावू शकतो. फिरवणं उजेडातच.

वऱ्हाडी: नुसतं एसीप्रोमाझिन (गुंगीचं औषध) नको राजेहो! अंग सुस्त, भीती तशीच. ट्रॅझोडोन या भीती कमी करणाऱ्या औषधाबद्दल जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. चाचणी डोस आठवडाभर आधी.