गाजरगवत नेमके कुठे आणि का फोफावते?

माळकरी :
नमस्कार. शिरूर तालुक्यात आमची थोडी हलकी, मुरमाड जमीन आहे. मागच्या उन्हाळ्यात जेसीबी लावून सपाटीकरण केले आणि रस्त्याकडेच्या पट्ट्यात बाहेरून आणलेला मुरूम पसरला. पाऊस पडल्यावर त्या पट्ट्यात गाजरगवत असे माजले की पाय ठेवायला जागा राहिली नाही. तारेच्या कुंपणापलीकडे मात्र शेजाऱ्यांचे राखलेले कुरण आहे. तिथे मारवेल आणि पवना ही चाऱ्याची गवते दाट वाढली आहेत, आणि माती व पाऊस तोच असूनही गाजरगवताची चार-दोन खुरटी रोपेच दिसतात. हे कसे? आमच्या जमिनीत काही दोष आहे का?

बीजांकुर :
जमिनीत दोष नाही. काळी, चुनखडीची, मुरमाड अशी कोणतीही जमीन या तणाला चालते, भारी काळ्या मातीत तर ते अधिकच जोमाने वाढते. त्याला हवी असते ती उघडी, नुकतीच हलवलेली जागा. म्हणूनच रस्त्याच्या कडा, रेल्वेमार्ग, बांधकामाचे पडीक भूखंड, कालव्यांचे काठ, उकिरडे आणि अति चराई झालेली गायराने येथे ते हमखास आढळते.

रोप उगवल्यावर त्याची पाने आधी जमिनीलगत चक्राकार पसरतात. मोकळ्या जागी हे चक्र आजूबाजूच्या कोवळ्या रोपांना झाकून टाकते आणि मग मधून खोड वर येते. दाट गवतात मात्र त्या चक्राला पसरायला जागाही मिळत नाही आणि ऊनही मिळत नाही, म्हणून शेजाऱ्यांकडची रोपे खुरटी राहिली. शिवाय गुरे हे तण सहसा तोंडात घेत नाहीत. त्यामुळे जिथे चराई जास्त होते तिथे चांगले गवत संपते आणि हे मागे उरते.

तुमच्याकडे दोन गोष्टी एकदम घडल्या असाव्यात. एका झाडाला साधारण १५ ते २५ हजार बिया येऊ शकतात. त्या इतक्या बारीक असतात की मुरूम, शेणखत, चारा, पाटाचे पाणी, ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल अशा कशाबरोबरही येतात. दुसरे म्हणजे खोल गाडलेले बी उगवत नाही, पण काही वर्षे जिवंत राहते, आणि सपाटीकरणाने तेच वर येते. ओल मिळाली की ते कोणत्याही हंगामात उगवते आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येते.

जाता जाता एक. मूळचे मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशातले हे तण ‘पीएल ४८०’ या अमेरिकेच्या धान्य-मदत कराराच्या गव्हाबरोबर आले असे आपण सर्रास म्हणतो. परंतु तो करार ऑगस्ट १९५६ मधला आहे, आणि पुण्यात हे तण १९५५ च्या सुमारासच नजरेस आले होते. अमेरिकेचे धान्य १९५१ च्या कर्जातूनही आले होते, तेव्हा धान्याला पूर्ण निर्दोष ठरवता येत नाही, एवढेच.

वऱ्हाडी गडी :
वरील विवेचनाशी सहमत आहे. आमच्याकडे पडीक जागेत तरोटा, म्हणजे तुमचा टाकळा, मुद्दाम फेकतात. हिवाळ्याच्या तोंडाशी शेंगा वाळल्या की बी गोळा करायचे आणि पावसाळ्यापूर्वी उघड्या जागेवर दाट फेकायचे. पहिल्या सरींबरोबर तो उठतो आणि त्याच्या सावलीत गाजरगवत दबते. तरोट्यालाही गुरे तोंड लावत नाहीत, त्यामुळे राखण लागत नाही. मात्र हिवाळ्यात तो वाळतो, जागा पुन्हा उघडी पडते, आणि शेजारच्या गव्हाला दिलेले पाणी तिथे झिरपत असेल तर गाजरगवताची दुसरी खेप उगवते. बांधाच्या पाणथळ कडेला तरोट्यावर विसंबू नका.

माळकरी :
फारच उपयुक्त माहिती मिळाली, आभारी आहे. गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे सोडण्याचा सल्लाही काहींनी दिला आहे. त्याचा कितपत उपयोग होतो?

बीजांकुर :
हा भुंगा १९८४ मध्ये बंगळूरला प्रथम सोडण्यात आला. पांढुरक्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असतात, त्यावरून तो ओळखता येतो. पावसाळ्यात प्रौढ आणि अळ्या दोन्ही पाने फस्त करतात, परंतु थंडी-उन्हाळ्यात भुंगे जमिनीत दडून बसतात. त्यामुळे ओलिताच्या जागी हिवाळ्यात उगवणाऱ्या झाडांवर त्यांचा उपयोग होत नाही. तुमच्या पट्ट्यासाठी मी मारवेलाचे ठोंब लावणे अधिक पसंत करेन. तोवर वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, फुले येण्यापूर्वी, झाडे मुळासकट उपटा. फुलण्यापूर्वीची झाडे कंपोस्टला चालतात, बी धरलेली मुळीच घालू नका. उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. या तणाने अनेकांच्या पापण्या, मान आणि कोपराच्या आतल्या बाजूला खाज सुटून चट्टे उठतात, आणि एकदा त्रास सुरू झालेल्या माणसाला पुन्हा या कामाला लावू नये.